बारकीचा हात

काळी शेळी सोमवारी गाभडली तेव्हा बारकीला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. काळीचा अजून दीड महिना बाकी होता. पाल्यावरून शेळ्या एकमेकींना झोंबतात, कुणाचं शिंग कुणाच्या पोटात बसतं, एखाद्या वर्षी असं होतंच. तिने ते केस न उगवलेलं, ओल्या फडक्यासारखं पिल्लू पाटीत घेतलं, कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरलं, हात मातीवर घासले, बादलीत बुडवले आणि चहा टाकायला घरात गेली. दोन कप भरले. एक स्वतःचा, एक सुनेचा. पुढच्या आठवड्यात ही गोष्ट तिला पुन्हा पुन्हा आठवणार होती. त्याच हातांनी तिने सुनेचा कप भरला होता.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा एक थोरली जाऊ आधीच होती, उंच, धिप्पाड, दारात उभी राहिली तर खोलीत अंधार व्हायचा. तिच्या शेजारी ही उभी राहिली आणि सासरे सहज म्हणाले, "आणि ही बारकी." झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती बारकीच. दवाखान्यात कुणी कागदावरचं नाव पुकारलं की ही इकडेतिकडे बघायची, कोण बाई आहे, उठत का नाही म्हणून.

सासऱ्यांना शेळ्यांतलं सगळं कळायचं, पण त्यांचे हात फावड्यासारखे. त्या पहिल्याच वर्षी एक शेळी सकाळपासून कळा देत होती आणि करडू बाहेर येत नव्हतं. सासऱ्यांनी गोठ्यात उभ्या असलेल्या बारकीचं मनगट धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हा जाईल." तिने कोपरापर्यंत तेल लावलं. पाची बोटं एकत्र मिटून चोचीसारखी केली. "डोळे मीट," सासरे म्हणाले, "डोळ्यांचं तिथे काही काम नाही." त्या अंधारात ती जे शिकली ते आयुष्यभर पुरलं. पाय हाताला लागला की त्याचे दोन सांधे चाचपायचे. दोन्ही एकाच बाजूला वळले तर पुढचा पाय, उलटसुलट वळले तर मागचा. तोंड सापडलं तर त्यात बोट घालायचं. चोखलं तर जीव आहे.

पस्तीस वर्षं तिने हे केलं. आसपासच्या घरांतूनही बोलावणं यायचं. थोरली जाऊ म्हणायची, "घरात माझा आवाज चालतो आणि शेळीत हिचा हात." सासरे गेले, जाऊ गेली, नवरा गेला. हात राहिला. आणि मग पाच वर्षांपूर्वी तोही सुजायला लागला. आधी पेरं जाड झाली, मग बोटं वाकडी झाली. अंगठी कापून काढावी लागली. साध्या बरणीत हात जाईना, शेळीत कुठून जाणार. ही गोष्ट तिने कुणाला फार सांगितली नाही. शेळ्यांना सांगितली. त्या रवंथ करत ऐकत राहिल्या.

मुलगा शहराबाहेरच्या मोठ्या गोदामात पाळीने काम करायचा. त्याने होणारी बायको पहिल्यांदा घरी आणली तेव्हा बारकीने तिचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मुलीला वाटलं, केवढी माया. बारकी मनगटाचा घेर बघत होती.

मुलगी शिवणकाम करणारी होती. पुढच्या खोलीत खिडकीशी तिने मशीन मांडलं आणि शाळांचे गणवेश शिवायला घेतले. बोटं निमुळती, टोकांवर सुईचे बारीक ठिपके. शेळ्यांची तिला आवड होती, पण लांबून. बारकीनेही कधी आग्रह केला नाही. पुढे होईल सगळं, असं म्हणत राहिली. मग सुनेला दिवस राहिले. या हिवाळ्यात सातवा महिना लागला होता, आणि गोठ्यात अकरा शेळ्या गाभण होत्या. घरात नुसती वाट बघणं चाललं होतं.

गुरुवारी सकाळी मास्तरीण विणीला बसली. मास्तरीण ही पांढरी, लांब तोंडाची शेळी. माणसाकडे अशी बघायची की वाटावं, आता उत्तर विचारील. हिचे दिवस पूर्ण भरले होते. पाणमोट फुटली, एक खूर बाहेर आला आणि तिथेच थांबला. दुसरा खूर नाही, तोंड नाही. तास गेला. शेळी ओरडायची थांबली आणि दात खाऊ लागली. शेळी ओरडते तोवर ठीक असतं. ती दात खायला लागली की वेळ थोडा राहिलेला असतो.

बारकीने तेल लावून हात घालायचा प्रयत्न केला. पेरं आडवी आली. जोर लावला तर शेळी फाटली असती. तिने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तो बंद. मुलगा गोदामात. सून आवाज ऐकून दारापर्यंत आली होती, पोटावर हात ठेवून उभी. बारकीने तिच्याकडे पाहिलं. खरं म्हणजे तिच्या हाताकडे पाहिलं.

"जमेल का गं?"

सुनेने बाही वर सारली. शेळीमागे गोणपाटावर कशीबशी बसली. बारकी तिच्या कानाशी बसून बोलत राहिली, सासऱ्यांचे शब्द जसेच्या तसे. डोळे मीट. बोटं मिटून ठेव. कळ आली की थांब, कळ गेली की पुढे जा. काय लागतंय? पाय लागतोय, म्हणाली सून. कुठला? सांधे सांग. एकाच बाजूला वळतात. मग बरं आहे, पुढचा. दुसरा शोध. गुडघ्यात मुडपला असेल, खूर तळव्यात झाक, म्हणजे आतून ओरखडा जाणार नाही, आणि पुढे आण. तोंड? मागे वळलंय. जबड्याखाली बोटं घाल. हळू. हळू.

पहिलं करडू आलं ते मेलेलं. बरेच दिवस आधी मेलेलं असावं, त्वचा हाताला सुटून येत होती. सुनेने तोंड फिरवलं पण हात मागे घेतला नाही. दुसरं जिवंत निघालं. बारकीने त्याच्या नाकातला चिकटा पुसला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. ते शिंकलं. गोणपाटाने घासून घासून कोरडं केलं, नाळेला औषध लावलं, मास्तरणीच्या कासेची दोन्ही थानं पिळून मोकळी केली आणि पहिला चीक त्याच्या तोंडात गेला. सून भिंतीला टेकून बसली होती. कोपरापर्यंत रक्त, कपाळावर रक्त, आणि हसत होती. असं हसणं बारकीने तिच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

"आई, त्याने माझं बोट चोखलं," ती म्हणाली. "आत असताना."

शनिवारी सकाळी दोन शेळ्या एकदम गाभडल्या.

दुपारी डॉक्टर आले. एरवी ते उघड्या हातांनीच काम करायचे, एक पाय दारात, एक गाडीत, असा त्यांचा कारभार. त्या दिवशी त्यांनी गाडीतून रबरी बूट काढले, तोंडावर मास्क बांधला आणि कोपराच्या वरपर्यंत जाणारे हातमोजे चढवले. ते हातमोजे चढताना पाहून बारकीला पहिल्यांदा भीती वाटली. ती पोटात नाही, बोटांच्या पेरांत आली. एकेक सांधा थंड पडत गेला.

डॉक्टरांनी वारेचा तुकडा बाटलीत घेतला, शेळ्यांचं रक्त घेतलं. मग शांतपणे सांगत गेले. एकामागून एक गाभडतात तेव्हा तो आजार असतो. नक्की कुठला ते तपासल्यावर कळेल, पण तीन-चारपैकी कुठलाही असला तरी तो माणसाला लागू शकतो. वारेतून, रक्तातून, मेलेल्या पिल्लातून. बारकीनेही लगेच दवाखान्यात जाऊन यावं. हाताला जखम असली तर जास्त धोका. आणि पोटुशी बाई असली तर फार वाईट, तिचं मूलही जाऊ शकतं.

"घरात कुणी पोटुशी आहे का, मावशी?"

पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. तो मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला.

"सून आहे," बारकी म्हणाली. "पण ती इकडे फिरकत नाही."

असं का बोलली, ते तिला तेव्हाही कळलं नाही. शब्द तोंडात आधीच तयार होते, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. तिला अजिबात येऊ देऊ नका. संपर्क आला असता तर लगेच दवाखान्यात पाठवायला सांगितलं असतं. त्यासाठी गोळ्या असतात, पण उशीर करून चालत नाही. त्यांनी गोठ्याभोवती चुन्याची रेघ मारली, हातमोज्यांचं एक खोकं बारकीला दिलं आणि गेले. गाडी वळेपर्यंत तिला हाक मारता आली असती. तिने तोंड उघडलंही. गाडी वळली.

आत जाऊन सुनेला सांगायचं, एवढंच काम होतं. दहा पावलांचं. पण काय सांगायचं? की तुझा हात बारीक म्हणून मी तो तिथे घातला. की सुईने टोचलेली तुझी बोटं मला दिसत होती. की डॉक्टरांनी विचारलं आणि मी खोटं बोलले. एक वाक्य सांगायचं तर त्यामागची सगळी वाक्यं सांगावी लागणार होती. ती संध्याकाळपर्यंत गोठ्यात राहिली. चुना पसरला, गोणपाटं जाळली, जिवंत करडाला बाटलीने दूध पाजलं. मग ठरवलं, मुलगा आला की त्याला सांगू. मुलगा आला, दमलेला, जेवता जेवता डुलक्या घेत होता. उद्या सांगू. रविवारी सून खिडकीत बसून बाळासाठी अंगडं शिवत होती, गणवेशाच्या उरल्या कापडाचं. ते बघून बारकी पुन्हा गोठ्यात गेली.

भीतीचं एक बरं असतं, ती माणसाला कामाला लावते. बारकीने तीन दिवसांत गोठा आरशासारखा केला. जेवायला ती दाराबाहेर बसू लागली. स्वयंपाक सुनेवर टाकला. आपले कप, ताट वेगळे ठेवले. सुनेने काही विचारलं तर, मला खोकला आहे, म्हणायची. खोकला नव्हता. मग मधूनमधून खोकावं लागायचं.

सोमवारी दुपारी मशीन थांबलं ते थांबलंच. बारकीने वाट पाहिली. चारा टाकता टाकता कान तिकडे. एखाद्या कापडाची शिवण संपते, दोरा बदलावा लागतो, तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. ती खिडकीशी धावली. सून मशीनवर डोकं टेकून बसली होती.

"काय होतंय?"

"काही नाही. जरा कणकण वाटतेय."

बारकीने खिडकीतून हात आत घातला, कपाळाला लावायला. अर्ध्यावर तो थांबला. तिने तो मागे ओढून घेतला, निखाऱ्यावरून घ्यावा तसा. सुनेने ते पाहिलं. तिने डोकं पुन्हा टेकवलं.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. सकाळी मुलगा कामावर गेला आणि थोड्या वेळाने सून गोठ्याकडे आली. चुन्याच्या रेघेजवळ.

"थांब," बारकी आतून म्हणाली. "आत येऊ नकोस."

सून थांबली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"तीन दिवस बघतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या हातचं घेता ते दाराबाहेर. माझ्या अंगाला हात लावत नाही. मी गोठ्यात हात घातला आणि त्यानंतर शेळ्या पटापट पिल्लं टाकायला लागल्या. तुम्हाला वाटतं ना, मी पोटुशी, माझा हात लागला म्हणून झालं? सरळ बोला की. मी जाते ताईकडे."

बारकीच्या हातात दुधाची बाटली होती. तीन दिवस तिने नाना तऱ्हेच्या गोष्टींची भीती बाळगली होती, तापाची, रक्ताची, त्या लहानशा कापडी अंगड्याची. ही गोष्ट त्यांत नव्हती. मुलगी स्वतःलाच दोषी धरून बसली होती, आणि तेही तापात.

"तुझा हात नाही गं," ती म्हणाली. "उलटं आहे."

मग तिने सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता, डॉक्टरांनी सांगितलं तसं, क्रमाने. काळीपासून. आजार काय, कशातून लागतो, कुणाला जास्त. डॉक्टरांनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. सून ऐकता ऐकता स्वतःच्या बोटांकडे बघायला लागली. मग तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले, ओले असल्यासारखे.

"शनिवारी कळलं तुम्हाला?"

"हो."

"आज मंगळवार आहे."

"हो."

सून नुसती वळली आणि घरात गेली. बारकीला वाटलं, संपलं. पण सून पिशवी आणि दवाखान्याची कागदं घेऊन बाहेर आली आणि रस्त्याकडे चालू लागली. बारकी साबणाने हात खसाखसा धुऊन, कपडे बदलून, मागून धावत गेली. बसमध्ये सून पुढे बसली, ही मागे. मधली सीट मोकळी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर लिहीत होत्या. कधी हात घातला? गुरुवारी. हातमोजे? नाही. जखमा? सुनेने बोटं पुढे केली. आजाराचं कधी कळलं? सून म्हणाली, आज. आणि तिथे खोलीत गप्प बसायची पुन्हा एक संधी आली. ते खोटंही नव्हतं. सुनेला आजच कळलं होतं.

"मला शनिवारी कळलं होतं," बारकी म्हणाली. "मी सांगितलं नाही. मलाही तपासा, पण आधी तिला."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या काही बोलतील असं बारकीला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तारीख खोडली आणि नवीन लिहिली. सुनेचं रक्त घेतलं, ताप पाहिला, थोडासा होता. पोटातल्या बाळाला चालतील अशा गोळ्या सुरू केल्या. बारकीलाही सुई टोचली, तिची शीरच मिळेना, तिसऱ्यांदा मिळाली. मग सुनेच्या पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवले. ठीक आहेत, म्हणाल्या. आज ठीक आहेत. आजचं रक्त स्वच्छ आलं तरी फार काही सिद्ध होत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, मग बोलू.

मुलाला रात्री कळलं. तो आईशी आठवडाभर बोलला नाही, मग कामापुरतं बोलू लागला. शेळ्यांचे नमुने तपासून आले, आजार निघाला. गुरांच्या डॉक्टरांना बारकीने स्वतः फोन करून आपलं खोटं सांगितलं.  मग ते म्हणाले, मावशी, मी तुम्हाला विचारतो ते कागद भरायला नाही विचारत. 

तीन आठवडे ती गोठ्यालगतच्या खोलीत राहिली, चाऱ्याच्या बाजूला. सून घरात. दोघींच्या मध्ये अंगण आणि चुन्याची रेघ. सून ताईकडे गेली नाही, दवाखाना इथून जवळ होता, एवढंच कारण तिने मुलाला दिलं. रोज सकाळी बारकी उठून आधी खिडकीकडे बघायची. मशीन सुरू झालं की ती कामाला लागायची. मशीन थांबलं की तिचे हात थांबायचे. शिवणीची लांबी तिला पाठ झाली. बाही, कॉलर, काज. मध्ये जरा जास्त शांतता पडली की तिला वाटायचं, आता दार उघडेल आणि कुणीतरी पोटाला धरून बाहेर येईल. डोळे मिटले तर बोटांना काही ना काही लागायचं. सांधे, खूर, तोंड. तोंडात बोट घालायची तिची हिंमत व्हायची नाही.

दुसऱ्यांदा रक्त दिलं त्यानंतर चार दिवसांनी निकाल आला. मुलगा तो घेऊन दुपारच्या पाळीआधीच आला आणि अंगणातून ओरडून सांगितलं, स्वच्छ आहे. दोघींचंही. बारकीने पालथ्या बादलीवर बसून घेतलं.  भीती गेली असं तिला वाटलं नाही. भीतीने फक्त जरा जागा बदलली, मोठी होती ती बारीक होऊन कुठेतरी आत सरकली. अजून दीड महिना होता. बाळंतपणानंतर पुन्हा तपासायचं होतं.

थोड्या वेळाने सून रेघेजवळ आली. पोट आता चांगलंच पुढे आलं होतं, एक हात कमरेवर.

"निकाल कळला ना?"

"कळला."

"मला एक सांगायचंय. पुढे काहीही झालं, कितीही वाईट असलं, तरी आधी मला सांगायचं. माझ्यापासून लपवायचं नाही."

"सांगेन."

सून तिच्याकडे बघत राहिली. शिवण सरळ आहे की नाही हे जसं ती कापड उजेडात धरून बघायची, तसं.

"आत्ता काही आहे का सांगायचं?"

बारकीने गोठ्याकडे मान वळवली. कोपऱ्यात पाटी गोणपाटाने झाकलेली होती. आज निकालाचा दिवस, आज नको, असं तिने पहाटेच ठरवून टाकलं होतं.

"शिंगमोडी शेळीने पिल्लं टाकली," ती म्हणाली. "पहाटे. दोन."

सून दोन पावलं मागे सरली. तिचा कमरेवरचा हात पोटावर आला. बारकी बादलीवरून उठली नाही, उठून पुढे गेली नाही.

"पुरलीत?"

"अजून नाही."

"हातमोजे घातले होते?"

"घातले होते. एक बसत नाही नीट, बोटं वाकडी आहेत."

"त्याच्यावर दुसरा मोठा चढवा," सून म्हणाली. "आणि खड्डा खोल करा, वर चुना टाका. मी इथे उभी आहे."